रॉकेलच्या दिव्यावर वाजणारा रेडिओ

लहानपणी संध्याकाळ झाली की कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझ्याकडे असे. पेटल्या काचेला चुकून हात लागला की चटका बसे. ती उष्णता कशाच्या उपयोगी पडेल, असं कधी मनात आलं नाही. म्हणूनच १९५०च्या दशकात सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्यावर रेडिओ चालत असे, हे वाचलं तेव्हा मी थबकलो.

तत्त्व जुनं आहे. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांना दिसलं, की दोन वेगळ्या धातूंची कडी करून एक सांधा तापवला तर जवळची चुंबकसुई हलते. त्यांनी ते चुंबकत्व मानलं. मूळ कारण वीज आहे, हे ओर्स्टेड यांनी ओळखलं.

अब्राम योफे यांनी धातूंऐवजी अर्धवाहकांवर भर दिला. महायुद्धात सोव्हिएत गनिमी सैनिक शेकोटीवर एक खास भांडं ठेवत. बूड तापे, आतल्या पाण्यामुळे दुसरी बाजू त्या मानाने थंड राही आणि या फरकातून वायरलेसला वीज मिळे. पुढे तीच युक्ती दिव्यावर आली. आत दिव्याची गरम हवा, बाहेर उष्णता सोडणारे धातूचे पंखे. वीज मिळे जेमतेम ३ वॉट, पण रेडिओला ती पुरे.

उष्णतेतला काही टक्केच भाग विजेत बदलतो. कारखान्यात हा तोटा ठरतो. थंड प्रदेशातल्या घरात मात्र उरलेली उष्णता खोलीच उबदार करते. म्हणून घरच्या शेगडीवर वीज करण्याची कल्पना आजही टिकून आहे.

या गोष्टीला एक कडू बाजूही आहे. लेनिनग्राडची जी संस्था योफे यांनी १९१८ पासून वाढवली, तिच्याच संचालकपदावरून १९५० मध्ये त्यांना हटवलं गेलं. ते ज्यू होते, आणि तेव्हा ज्यू बुद्धिवंतांना 'मुळं नसलेले' ठरवण्याची मोहीम जोरात होती. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने अर्धवाहकांची नवी प्रयोगशाळा उभी केली. १९५४ मध्ये तिचीच संस्था झाली.

मी भाषेचा शिक्षक, विज्ञान माझा विषय नाही. पण 'तुमची मुळं कुठली?' हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलांनाही कधीतरी ऐकावा लागतो. त्यांना मी आता या दिव्याची गोष्ट सांगतो. ज्याच्या निष्ठेवर शंका घेतली गेली, त्याच्याच संशोधनामुळे वीज न पोहोचलेल्या घरांत रेडिओ वाजला.