श्रद्धेची मोजपट्टी: नांदेड आणि लातूर

अमेरिकेतील राज्यांची धार्मिकता ठरवताना प्यू संस्थेच्या २०१४च्या पाहणीने उपासनास्थळी जाणे, रोजची प्रार्थना, ईश्वरावरील विश्वास आणि धर्माचे महत्त्व हे निकष धरले. अलाबामा, मिसिसिपी वर आली. न्यू हॅम्पशायर तळाशी गेले. हीच पट्टी आपण नांदेड-लातूरला लावली तर?

१७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. तेथील हुजूर साहिबमध्ये आजही दिवे ओवाळून आरती होते. पंजाबातील बहुतेक गुरुद्वारांत ही रीत आढळत नाही. केंद्रापासून दूर परंपरा अधिक जपली गेली. लातूर परिसरातील लिंगायत परंपरेत इष्टलिंग अंगावरच असते. पूजा डाव्या तळहातावर होते, देऊळ गाठावे लागत नाही. मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ने या परंपरेला मराठी वाणी दिली.

‘देवळात किती वेळा जाता?’ या प्रश्नाला ही तळहातावरची पूजा दिसणारच नाही. ‘रोज प्रार्थना करता?’ याला दोन्हीकडे होकार मिळेल, पण भेद कळणार नाही. आमच्या मते धार्मिकता मोजता येते; परंपरा मात्र वाचावीच लागते.