मुंबईंतील कर्णेदार फोनो : अस्सल व बनावट यांचा विवेक

हस्तलिखितें, नाणीं व ताम्रपट यांचा संग्रह करणारांस बोलक्या यंत्रांचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु ज्या साधनांत गत पिढ्यांचा प्रत्यक्ष आवाज सांठविलेला आहे, तें इतिहासाच्या कक्षेबाहेरचें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. शिवाय या यंत्रांच्या बाबतींत मुंबईच्या जुन्या बाजारांत जें घडत आलें आहे, तें बनावट सनदांच्या प्रकरणाशीं इतकें जुळतें कीं, जुन्या कागदांच्या परीक्षकांनींच त्यांत लक्ष घालावें हें उचित होय.

प्रथम संज्ञांचा निर्णय करूं. आपल्याकडे "फोनो" हा एकच शब्द दोन भिन्न यंत्रांस लाविला जातो. एडिसननें 1877 सालीं सिद्ध केलेला फोनोग्राफ हा नळकांड्याचा. त्यांत सुई वरखालीं होऊन आरंभीं कथिलाच्या पातळ पत्र्यावर व पुढें मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरीत असे. बर्लिनरनें 1887 सालीं पेटंट घेतलेला ग्रामोफोन हा चपट्या तबकडीचा. त्यांत सुई आडवी हलते. फोनोग्राफावर घरच्या घरीं आवाज उतरवितां येई व असें नळकांडें एकुलतें एक असे. तबकडीच्या मात्र एका सांच्यावरून हजारों प्रती निघत. म्हणजे पहिल्याचें नातें पोथीशीं, तर दुसऱ्याचें मुद्रित ग्रंथाशीं. आज गिरगांव-दादरच्या जुन्या घरांतून ज्यास फोनो म्हणून दाखवितात, तो बहुधा ग्रामोफोनच असतो.

आतां कर्ण्याविषयीं. या यंत्रांत विजेचा संबंध नाहीं. चावी देऊन ताणलेल्या कमानीच्या जोरावर तबकडी मिनिटास सुमारें 78 फेरे घेते. तिच्या नागमोडी रेषेंतून जातांना सुई थरथरते. ती थरथर अभ्रकाच्या लहानशा पडद्यास पोंचते. एवढासा पडदा खोलींतील हवा हालवूं शकत नाहीं. कर्णा अरुंद मुखाकडून रुंद मुखाकडे क्रमानें उमलत जातो, म्हणूनच ती क्षीण कंपनें हवेंत उतरतात. सबब कर्णा हा अलंकार नसून यंत्राचें इंद्रिय आहे, व त्याच्या लांबीवर आणि उमलण्यावर कोणते स्वर भरदार निघतील हें अवलंबून असतें. ध्वनिमुद्रणही कर्ण्यांतूनच होई. विजेच्या साहाय्यानें मुद्रण पाश्चात्य देशांत 1925 सालीं सुरू झालें. तत्पूर्वीच, 1906 सालीं, अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें कर्णा पेटीच्या पोटांत दडविला. ती रीत रूढ होत गेल्यावर बाहेरील कर्णा मागें पडला. पुढें हातांत धरून नेण्याच्या बॅगेसारख्या पेट्या निघाल्या, त्यांसही बाहेरचा कर्णा नाहीं. हा कालक्रम पुढील परीक्षेस उपयोगी पडेल.

आपल्या देशांत ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गेझबर्ग 1902 सालीं कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान प्रभृतींचें गाणें उतरविलें. तबकड्या मात्र जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून येत. कलकत्त्याचा कारखाना 1908 चा. जर्मनीच्या बेका कंपनीचे लोक 1905-06 च्या फेरींत मुंबईसही आले होते. वडाळ्याच्या कारखान्यांतील "यंग इंडिया" तबकड्यांचा आरंभ 1935 चा. तबकडीचें मुख्य द्रव्य जी लाख, ती तर आपल्याच देशांतून परदेशीं जाई. आरंभींच्या कित्येक तबकड्यांत गाणें संपतांच गायिका आपलें नांव उच्चारते. परदेशच्या कारखान्यांत ओळख पटावी म्हणून केलेली ती योजना होती असें सांगतात. आम्हांस ती पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेसारखी वाटते.

या साधनाची किंमत जे आवाज निसटले त्यांवरून कळते. भाऊराव कोल्हटकर 1901 सालींच निवर्तले. भास्करबुवा बखले 1922 पर्यंत व अल्लादियाखां 1946 पर्यंत हयात असूनही त्यांची ध्वनिमुद्रिका मागें राहिली नाहीं; त्यांचें गाणें शिष्यपरंपरेंतूनच जाणावें लागतें.

आतां मुख्य मुद्दा. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारांत, विशेषतः मटन स्ट्रीटवर, झगझगीत पितळी कर्ण्याचे फोनो मांडलेले दिसतात. त्यांत अस्सल यंत्र क्वचितच असतें. बॅगेच्या पेटींतील 1930 नंतरचें चक्र काढावयाचें, तें नव्या, पुष्कळदां अष्टकोनी पेटींत बसवावयाचें, वर नवा पितळी कर्णा चढवावयाचा व दर्शनीं बाजूस कुत्र्याचें चित्र असलेला पत्रा ठोकावयाचा, असा हा उद्योग आहे. हीं यंत्रें परदेशींही गेलीं असून तेथील संग्राहकांत त्यांची चेष्टा होते. शोभेची वस्तु म्हणून कोणी तीं घेतल्यास आमचें म्हणणें नाहीं. जुनीं म्हणून विकलीं जातात, तेथें दोष आहे.

परीक्षा कागदपत्रांचीच लावावी. शिवकालीन म्हणविणाऱ्या पत्राचा कागद विलायती गिरणीचा व जलचिन्ह एकोणिसाव्या शतकाचें निघालें म्हणजे अक्षर कितीही वळणदार असलें तरी निकाल लागतो. तद्वत् 1905 च्या घाटाचा कर्णा व 1931 नंतरचें चक्र एकत्र दिसलें कीं, यंत्र जोडलेलें समजावें. अस्सल यंत्रावर चिन्ह बहुधा लांकडावर उतरविलेल्या पातळ छापाचें असतें, खिळ्यांनीं ठोकलेल्या पत्र्याचें नव्हे. कर्ण्यास आधार देणारा मागील हात भरीव ओतीव असतो. अस्सल कर्णे पुष्कळदां रंगविलेल्या पोलादी पत्र्याचे असतात. चकाकी हें प्राचीनत्वाचें लक्षण नव्हे.

यांत खरी हानि निराळीच आहे. बनावट सनद लिहिणारा निदान अस्सल सनद फाडीत नाहीं. येथें मात्र एक प्रक्षिप्त यंत्र उभें करण्यास एक साधें पण अस्सल यंत्र मोडावें लागतें. संग्राहकांची कर्ण्याची हांवच त्यास कारण होते.

म्हणून आमची सूचना अशी. बॅगेची पेटी हलकी न मानतां जशीच्या तशी ठेवावी. कर्ण्याचा जुना रंग खरवडूं नये. तें पोथीचें पान धुण्यासारखें आहे. यंत्र कोणत्या घरांतून, कोणत्या सालीं व कोणत्या तबकड्यांसह आलें याची नोंद त्याच दिवशीं करावी. तबकडीच्या चिठ्ठीजवळील गुळगुळीत कड्यांत जो क्रमांक असतो, तो उतरून घ्यावा. त्यावरून मुद्रणाचा काळ ठरवितां येतो. पोलादी सुई रेषा झिजविते, यास्तव दुर्मिळ तबकडी कर्ण्यावर वारंवार न वाजवितां हलक्या साधनानें एकदां तिची नक्कल करावी. मुंबईंतच 1990 सालीं ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. मायकेल किनिअर यांनीं 1899 ते 1908 च्या भारतीय मुद्रणांची सूचि 1994 सालीं प्रसिद्ध केली. तबकड्यांच्या बाबतींत पाया असा घातला गेला आहे. यंत्रांची तशीच सूचि परळ-लालबागच्या चाळींपासून आरंभ करून होणें अवश्य आहे, व तें काम चाळी पाडल्या जाण्यापूर्वींच झालें पाहिजे.