पोलादी कंठांचे उतारवय

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना बीथोव्हेन, मोत्सार्ट किंवा फार तर बीटल्स आठवतात. 'हेवी मेटल' नावाचा जो प्रकार आपण कर्णकर्कश म्हणून झिडकारतो आणि ज्याच्या आवाजामुळे घरोघरी बाप-लेकांत खटके उडाले, तो इतिहासाचा विषय होऊ शकेल असे सहसा मनात येत नाही. परंतु या संगीतालाही आता अर्धशतक उलटून गेले आहे. त्याच्या पहिल्या पिढीतील काही गायक दिवंगत झाले आणि उरलेले सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तारुण्याच्या उद्रेकासाठी जन्मलेले हे गाणे वार्धक्यात गायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी त्याची जी उत्तरे शोधली, ती आपल्या संगीतात रमणाऱ्या रसिकांनीही जाणून घेण्यासारखी आहेत.

या संगीताचे जन्मस्थान इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथील अॅस्टन या कामगारवस्तीच्या परिसरात 1968 साली चार तरुणांनी एक वाद्यवृंद उभारला. तोच पुढे 'ब्लॅक सॅबथ' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या संग्रहातील काही गाण्यांसाठी त्या तारा दीड स्वर खाली उतरवल्या. सैल तारा दुखऱ्या बोटांना सोप्या गेल्या आणि त्यांतून निघालेला जड, गडद नाद ही या संगीताची ओळख ठरली. शरीराच्या उणिवेतून शैली जन्मते, हे या संगीताच्या अगदी आरंभीच दिसून आले. उत्तरायुष्यात गायकांनाही याच वाटेने जावे लागले, म्हणून ही हकीकत येथे मुद्दाम सांगितली.

गिटारचा नाद असा जड झाल्यावर त्यावर तरंगणारा मानवी आवाज तितकाच तीव्र असणे ओघानेच आले. ब्लॅक सॅबथचा ऑझी ऑस्बोर्न हा तालमीचा गायक नव्हता, पण त्याच्या आवाजात एक आर्त, भेदक धार होती. 'डीप पर्पल'च्या इयान गिलनने 1970 साली 'चाइल्ड इन टाइम' या दीर्घ गाण्यात तार सप्तकातील किंकाळ्यांची चढती मालिका उभी केली आणि पुढच्या अनेकांनी तिचा कित्ता गिरवला. 'ज्यूडस प्रीस्ट'चा रॉब हॅलफर्ड आणि 'आयर्न मेडन'चा ब्रूस डिकिन्सन यांनी तर ही उंच पट्टीच आपली ओळख केली. हे सारे गायक त्या वेळी विशी-तिशीत होते. शेजारी शंभर वॅटचे ध्वनिवर्धक गरजत असताना स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणेही दुरापास्त. अशा स्थितीत रात्रीमागून रात्री, गावोगाव फिरत, दीड-दोन तास तार सप्तकात गाणे म्हणजे कंठाशी केलेला जुगारच होता.

वयोमानाप्रमाणे कंठात काय घडते हे थोडक्यात पाहू. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील काळी चारच्या वर जो पांढरा 'ए' स्वर येतो, तो गाताना आपले स्वरतंतू एका सेकंदात 440 वेळा एकमेकांवर आदळतात. तार सप्तकातील किंकाळीत ही संख्या त्याच्याही बरीच पुढे जाते. त्यासाठी स्वरतंतू ताणले गेले पाहिजेत, त्यांच्या कडा घट्ट मिटल्या पाहिजेत आणि खालून श्वासाचा भक्कम दाब मिळाला पाहिजे. साठीनंतर स्वरतंतूंतील स्नायू बारीक होतात, लवचिक धागे कमी होतात, स्वरयंत्रातील कूर्चा हाडासारखी कठीण होत जाते आणि वरचा ओलावाही घटतो. कडा पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते, फुप्फुसांचा दमही कमी झालेला असतो. यातील विचित्र भाग असा की म्हातारपणी पुरुषाचा बोलण्याचा आवाज बहुधा किंचित पातळ आणि उंच होतो, परंतु गाण्यातील वरचे स्वर मात्र हातचे जातात. व्यसने आणि अखंड दौरे यांनी ही झीज लवकर घडून येते. शिस्त आणि तालीम यांनी ती लांबते. टळत मात्र कोणाचीही नाही.

येथपर्यंतची गोष्ट जगातील कोणत्याही गायकाला लागू पडते. हेवी मेटलच्या गायकाची खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडचा ख्यालगायक आपल्या गळ्याला मानवेल तेथे षड्ज धरतो. तारुण्यात काळी दोनमध्ये गाणारा गवई सत्तरीत पांढरी एक किंवा त्याहूनही खालची पट्टी घेतो, तानपुरे त्याप्रमाणे जुळवतो, आणि राग तोच राहतो. श्रोत्याला काही गमावल्यासारखे वाटत नाही. हेवी मेटलचे गाणे असे सुटे नसते. ते एका विशिष्ट पट्टीत, विशिष्ट लयीत आणि गायकाच्या पंचविसाव्या वर्षीच्या गळ्यात ध्वनिमुद्रिकेवर कायमचे गोठलेले असते. गिटारची बांधणी बहुधा तिच्या सर्वांत जाड, मोकळ्या तारेवर आधारलेली असल्याने पट्टी सहजासहजी बदलता येत नाही. श्रोत्याने ती मुद्रिका हजार वेळा ऐकलेली असते आणि तोच नाद प्रत्यक्ष कानांवर पडावा म्हणून त्याने तिकीट काढलेले असते. थोडक्यात, सत्तर वर्षांच्या गायकाचा प्रतिस्पर्धी दुसरा कोणी नसून तो स्वतःच पंचवीस वर्षांचा असतानाचा असतो. हा प्रतिस्पर्धी कधी म्हातारा होत नाही. त्यातच गेल्या वीस वर्षांत प्रत्येक श्रोत्याच्या खिशात चित्रण करणारा फोन आला आणि बेसूर गेलेला एकेक स्वर दुसऱ्या दिवशी जगभर पोहोचू लागला.

या कोंडीतून गायकांनी काढलेले मार्ग मोठे उद्बोधक आहेत. पहिला मार्ग आयोमीचाच, म्हणजे तारा उतरवण्याचा. 'लेड झेपलिन' हा वाद्यवृंद 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये पुन्हा एकत्र आला, तेव्हा रॉबर्ट प्लांट एकोणसाठ वर्षांचा होता आणि अनेक गाणी मूळ पट्टीच्या खाली वाजवली गेली. दुसरा मार्ग गाणे सोडून देण्याचा. गिलनने 2002 नंतर डीप पर्पलच्या कार्यक्रमांत 'चाइल्ड इन टाइम' गायलेच नाही. श्रोत्यांची मागणी थांबली नव्हती, तरी जे आता आपले राहिले नाही त्याची नक्कल करायची नाही असे त्याने ठरवले. त्याने गाणे मात्र थांबवले नाही; वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 2024 साली, त्याच्या आवाजातील नवा संग्रह निघाला. तिसरा मार्ग चाल बदलण्याचा, म्हणजे वरच्या स्वराऐवजी खालचा जुळणारा स्वर घेणे किंवा ती ओळ श्रोत्यांच्या मुखी देणे. चौथा मार्ग गायकच बदलण्याचा. ज्यूडस प्रीस्टने हॅलफर्ड बाहेर पडल्यावर 1996 साली तरुण गायक आणला, परंतु 2003 साली हॅलफर्ड परतला तेव्हा रसिकांनी त्याचेच स्वागत केले. मूळ माणसाचा थकलेला आवाज त्यांना अधिक जवळचा वाटला.

पाचवा मार्ग मात्र वेगळा आहे. पूर्वमुद्रित आवाज पडद्यामागून सोडायचा आणि गायकाने ओठ हलवायचे. यामागे निव्वळ लबाडी असते असे नाही. ध्वनिमुद्रिकांचा खप घटल्यापासून दौरे हेच उत्पन्नाचे मुख्य साधन झाले आहे. एका दौऱ्यावर शेकडो तंत्रज्ञांचे पोट अवलंबून असते आणि घसा बसला म्हणून कार्यक्रम रद्द करणे परवडत नाही. तरीही माझ्या मते पहिल्या चार मार्गांत आणि या पाचव्यात मूलभूत फरक आहे. पट्टी उतरवणारा गायक श्रोत्याला आपले वय सांगतो. मुद्रित आवाजावर ओठ हलवणारा ते लपवतो. मैफलीचा करार हा 'आज, येथे, माझ्याकडे जे आहे ते' देण्याचा असतो. तो मोडला की मैफल उरत नाही.

या बाबतीत डिकिन्सनचे उदाहरण विशेष आहे. आयर्न मेडनने 17 मार्च 2007 रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर भारतातील आपला पहिला कार्यक्रम केला आणि पुढल्याच वर्षी 1 फेब्रुवारीला मुंबईतून जागतिक दौऱ्याचा आरंभ केला. आमच्या बेळगावातूनही काही तरुण रात्रीच्या गाडीने बंगळुरूला गेले होते. त्यांच्या तोंडून या गायकाचे नाव मी प्रथम ऐकले. पुढे 2015 च्या आरंभी त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग असल्याचे जाहीर झाले. गायकाच्या बाबतीत याहून क्रूर जागा ती कोणती? उपचार घेऊन तो बरा झाला आणि 2016 साली केवळ गायलाच नाही, तर दौऱ्याचे बोइंग 747 विमानही त्याने स्वतः चालवले. याउलट रॉनी जेम्स डिओ. लहानपणी ट्रंपेट वाजवून श्वासावर मिळवलेल्या ताब्याला तो आपल्या गायकीचे श्रेय देई. साठी ओलांडल्यावरही त्याचा आवाज भक्कम होता; 2010 साली सदुसष्टाव्या वर्षी तो गेला तो जठराच्या कर्करोगाने. कोणाचा गळा आधी थकेल आणि कोणाचे शरीर, याला नियम नाही.

आता ऑझी ऑस्बोर्न. 2019 साली घरात पडल्याने त्याच्या मानेच्या जुन्या दुखापती उफाळल्या, 2020 च्या जानेवारीत कंपवाताचा आजार असल्याचे त्याने जाहीर केले आणि 2023 साली दौरे थांबवले. तरीही 5 जुलै 2025 रोजी अॅस्टनमधील व्हिला पार्क या मैदानावर, जन्मस्थानापासून हाकेच्या अंतरावर, तो निरोपाच्या कार्यक्रमाला आला. चालता येत नव्हते म्हणून सिंहासनासारख्या काळ्या आसनावर बसून तो गायला. ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले होते आणि कार्यक्रमाचे उत्पन्न कंपवाताच्या संशोधनाला व मुलांच्या रुग्णसेवेला जायचे होते. आवाज जेथे थकला तेथे चाळीस हजारांहून अधिक श्रोत्यांनी ओळी उचलून धरल्या. सतरा दिवसांनी, 22 जुलैला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या संध्याकाळच्या गाण्याला मुद्रिकेचा गज लावून मोजणे म्हणजे आषाढीच्या वारकऱ्याच्या अभंगात श्रुती तपासणे होय.

आपल्याला हे परके वाटू नये. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले, देवासला जाऊन बरे झाले, आणि फुप्फुसाची शक्ती उणावल्यावर छोट्या, तीव्र स्वरावलींची नवी गायकी घेऊन परतले. बालगंधर्वांच्या उतारवयातील गाण्याला जाणाऱ्या आपल्या आजोबांनाही समोरचा सूर आणि स्मरणातला सूर एकदमच ऐकू येत असे, आणि समोरच्या सुरातले उणे ते स्मरणातल्या सुराने भरून काढीत.

सरकारी सेवेत नियत वयोमान झाले की आदेश हाती पडतो, निरोपसमारंभ होतो आणि खुर्ची रिकामी करावी लागते. ती व्यवस्था रुक्ष असली तरी दयाळू आहे, कारण 'आता पुरे' हे माणसाला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागत नाही. गायकाला असा आदेश कोणी काढत नाही. कोणते गाणे सोडायचे, कोणती तार किती उतरवायची आणि कोणत्या रात्री शेवटचा नमस्कार करायचा, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. तो निर्णय त्याने प्रामाणिकपणे घेतला असेल, तर त्याच्या फाटलेल्या स्वराकडे उपहासाने न पाहणे एवढे तरी श्रोत्यांच्या हाती आहे.