ओट्यावरचे उकळते पाणी



संघटनेच्या कामात माणसाला इतिहास कोठे भेटेल याचा नेम नसतो. मला आजचा विषय भेटला तो एका गाऱ्हाण्याच्या निमित्ताने. ठाण्याला घरकाम करणाऱ्या बायकांची बैठक होती. सणाच्या आधी जळमटे काढणे, डबे घासणे, माळे उपसणे ही कामे दुपटीने वाढतात, पगार मात्र तोच राहतो, असे बोलणे चालले होते. बहुतेकींच्या तोंडी दिवाळी होती. एक बाई म्हणाल्या, "माझी दिवाळी चैत्रात येते." त्या एका बेने इस्रायल कुटुंबाकडे पुष्कळ वर्षे कामाला आहेत. त्या सांगू लागल्या. सणाच्या महिनाभर आधीपासून कपाटे उपसायची, पिठाचे डबे रिकामे करायचे. शेवटी ओट्याची पाळी. तो घासून लख्ख करायचा, एक दिवस त्यावर ऊन भांडे म्हणून टेकवायचे नाही, आणि मग घरची ताई स्वतः किटलीतले खळखळते पाणी ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतते. "तेवढ्यानेही तिचे समाधान होत नाही. वर चांदीचा कागद अंथरते." बायका हसल्या. एकीने विचारले, "एवढा कशाचा विटाळ झाला होता ओट्याला?" त्या बाई म्हणाल्या, "पावाचा."

त्या उत्तराने मला कामाला लावले. मी पंडित नाही. हिब्रू मला येत नाही, आणि शाळाही लवकर सुटली. पण भाषांतरे वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांतून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो.

वल्हांडण हा ज्यू लोकांचा सण वसंतातल्या पौर्णिमेला सुरू होतो. मिसर देशात विटा पाडणारे वेठबिगार एका रात्री निघाले. कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही, म्हणून त्यांनी बेखमीर भाकरी भाजल्या, अशी ती कथा. तिची आठवण म्हणून इस्रायलमध्ये सात दिवस आणि बाहेरच्या देशांत आठ दिवस खमीर खायचे नाही. एवढेच असते तर सोपे होते. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आज्ञा आहे ती अशी की, या दिवसांत घरात खमीर सापडताच कामा नये. गहू, जव, राय, ओट यांसारख्या पाच धान्यांचे पीठ पाण्याने भिजून अठरा मिनिटे तसेच राहिले की ते खमीर झाले, असे शास्त्रकारांनी ठरवले. सणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन घराचे कोनेकोपरे धुंडाळायचे, ही चाल मिश्नेत नोंदलेली आहे. म्हणजे ती निदान अठराशे वर्षांची जुनी आहे.

पण दिवा घेऊन जे दिसते ते सापडेल. भांड्याने जे पोटात घेतले आहे त्याचे काय? वर्षभर ज्या पातेल्यात लापशी शिजली, ते पातेले धुतले म्हणून कोरे होते काय? येथून खरी गंमत सुरू होते. तालमूदमधल्या पंडितांनी एक नियम बांधला: भांडे ज्या रीतीने चव शोषून घेते, त्याच रीतीने ती बाहेर टाकते. पाण्यात उकळताना शोषले असेल तर उकळत्या पाण्यात बुडवा. कोरड्या आगीवर भाजताना शोषले असेल, तर तप्त निखाऱ्यात लाल करा. थंड वापर असेल तर धुणे पुरे. याला आधार गणनेच्या पुस्तकात आहे. तेथे सोने, रुपे, तांबे, लोखंड, कथील आणि शिसे अशी सहा धातूंची नावे घेऊन म्हटले आहे की, जे आगीत टिकते ते आगीतून काढावे. मातीचे भांडे मात्र या दयेतून वगळले. माती शोषलेले कधीच पुरते सोडत नाही, असे त्यांचे मत. पुन्हा भट्टीत घालून भाजले तर? तर चालेल, पण भांडे तडकेल या भीतीने माणूस हात राखून भाजील, म्हणून त्यावर विसंबू नये. ज्याने कोणी हे लिहिले, त्याला गरिबाचा मडक्यावरचा जीव ठाऊक होता, असे मला वाटते.

आता जेथे मडके बाद होते, तेथे मडकी विकणाऱ्याची चांदी होते. तिसऱ्या शतकात बाबिलोनियात नेहार्दया गावी शमुएल नावाचे मोठे आचार्य होते. सण संपल्यावर जुनी मडकी वापरावी की फोडावी, यावर मतभेद होता. रब या आचार्यांचे मत, फोडावी. लोक सण झाला की नव्या मडक्यांसाठी बाजारात धावत, आणि कुंभार-दुकानदार भाव चढवीत. शमुएलने त्यांना निरोप धाडला: भाव रास्त ठेवा, नाही तर जुनी मडकी चालतात या सौम्य मताचा मी उघड उपदेश करीन! वाजवी भावासाठी आम्ही मोर्चे काढतो, शिष्टमंडळे नेतो. या गृहस्थाने नुसत्या धर्मनिर्णयाच्या धाकाने काम भागवले.

त्याच पानाच्या आसपास आणखी एक संवाद आहे. तो मला त्याहून आवडतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे रब अशी हे विद्येने थोर आणि घरचे श्रीमंत. रवीनाने त्यांना विचारले, सणासाठी सुऱ्यांचे काय करावे? ते म्हणाले, मी तर नव्याच करवितो. रवीनाने तेथल्या तेथे म्हटले, आपल्याला ते परवडते. ज्याला परवडत नाही त्याने काय करावे? रब अशींनी सारवासारव केली: अहो, नव्या म्हणजे नव्यासारख्या. लाकडी मुठीला चिखल लावून झाका आणि पाते आगीत घाला, मग मूठ उकळत्या पाण्यात. पुढे निर्णय झाला तो याहूनही स्वस्तातला: मूठ आणि पाते, दोन्ही चुलीवरच्या उकळत्या भांड्यात बुडवली की झाले. मित्रहो, सगळ्या धर्मांच्या सगळ्या सभांत कोणीतरी हा रवीनाचा प्रश्न विचारला असता, तर पुष्कळ सण हलके झाले असते.

तुम्ही म्हणाल, भांडी झाली, सुऱ्या झाल्या, ओटा कोठे आहे? ओटा नाहीच. जुन्या ग्रंथांत ओटा असणार कसा? लोक बसून रांधीत होते. ओट्याच्या जागी ग्रंथांत मेज आहे. योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरूख' हा आचारग्रंथ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापून निघाला. त्याच्या नावाचाच अर्थ 'मांडलेले मेज'. त्यात सांगितले आहे की, मेजावर आणि अन्नाच्या पेट्यांवर उकळते पाणी ओतण्याची वहिवाट आहे, कारण भांड्यातला रस्सा कधी कधी त्यांवर सांडतो. ठाण्याच्या किटलीतले पाणी ते हे. दगड, धातू आणि लाकूड उकळत्या पाण्याने शुद्ध होतात, मातीची वस्तू होत नाही, हेही तेथे आहे. त्यामुळे घडीव दगडाचा किंवा पोलादाचा ओटा पाण्याने भागतो. चिनी मातीच्या फरश्या बसवल्या असतील तर त्या मडक्याच्या जातीच्या, म्हणून झाकाव्या लागतात.

उभ्याने काम करायचा सलग ओटा ही विसाव्या शतकाची देणगी आहे, आणि तिचा जन्म कामगार वस्तीत झाला. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराने कामगारांसाठी घरे बांधताना मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंकडे स्वयंपाकघराची आखणी दिली. कारखान्यात जसे घड्याळ लावून हालचाली मोजतात, तशी त्यांनी बाईची पावले मोजली, आणि साधारण १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशा खोलीत सगळे हाताशी आणले. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसली. पुढे या बाई हिटलरविरोधी कामासाठी १९४१ ते १९४५ तुरुंगात होत्या. त्यांची गोष्ट एका स्वतंत्र व्याख्यानाची आहे. इकडे अमेरिकेत सिनसिनाटी येथे १९१३ साली फॉर्मायका कंपनी निघाली होती; तिचे राळेचे तक्ते पुढे ओट्यांवर चढले. झाली पंचाईत! राळ ही दगड की लाकूड की माती? मोशेला दिलेल्या सहा धातूंच्या यादीत ती नाही. काही धर्मगुरू म्हणाले पाण्याने चालेल, काही म्हणाले झाका. जेथे मतभेद तेथे बाईने दोन्ही करायचे, असा सगळीकडचा रिवाज. म्हणून चांदीचा कागद, पुठ्ठा, प्लास्टिकचे पत्रे. आताचे क्वार्ट्झचे ओटे दगडाचा चुरा राळेत बसवून केलेले असतात, त्यांच्याविषयी तोच वाद आहे.

आता आपल्याकडे येतो. कोकणातले बेने इस्रायल हे तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून 'शनवार तेली'. शतकानुशतके त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली होती. पण वल्हांडणाची एक खूण उरली. तिला ते 'अनाशी ढाकण्याचा सण' म्हणत. अनाशी म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट पाण्याची बरणी. त्या दिवसांत ती झाकून ठेवायची. मिसर विसरला, मोशे विसरला, आज्ञा विसरली. आंबलेले झाकायचे, एवढे हाताला आठवत राहिले. हात बहुधा बायकांचे असणार. पुढे ग्रंथ परत आले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली, आणि १८७४ साली पुण्यात निघाली तिच्यात चित्रे आहेत. सगळी चित्रे युरोपी वळणाची, पण बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत.

सणाआधी घराला पांढरी द्यायची आणि तांब्यापितळेची भांडी कल्हईला टाकायची, ही बेने इस्रायलांची रीत. तांबे निखाऱ्यावर तापवून नवसागर फिरवायचा, कथील वितळवून चिंधीने पुसायचे. कथील वितळते २३२ अंशांना, पाणी उकळते १०० ला. म्हणजे कल्हईवाल्याच्या भात्यापुढे पातेल्याची जी शुद्धी होई ती किटलीच्या पाण्याहून कडक, असा माझा आपला तर्क. कोचीनच्या ज्यू घरांत तर विहीर उपसून घासत, आणि सणाचे तांदूळ दाणा दाणा निवडून ठेवीत. हो, तांदूळ. पूर्व युरोपातले ज्यू या सणात भातही वर्ज्य मानतात. कोकण आणि मलबारच्या लोकांनी ते मानले नाही. मानले असते तर आठ दिवस खाल्ले काय असते?

कामाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अल्सेसमधल्या एका ज्यूने १८३८ साली बेखमीर भाकरीचे यंत्र काढले. त्यावर १८५९ साली मोठा वाद पेटला. ब्रोडीच्या श्लोमो क्लुगर या धर्मगुरूंनी यंत्राला मना केली. त्यांच्या कारणांत एक असे होते की, हाताने भाकरी करण्याच्या मजुरीवर गरीब लोक आपल्या सणाचा खर्च भागवतात, ती भाकर यंत्र हिरावून घेईल. लेंबर्गच्या योसेफ शौल नाथनसोन यांनी उत्तर दिले: मग छापखाना कशाला चालू दिला? लेखकूंचीही रोजी गेलीच की! दोघांचेही म्हणणे मला पटते, ही माझी अडचण आहे, आणि माझ्या उभ्या आयुष्यात ती सुटलेली नाही. लिथुआनियाच्या इस्रायल सलांतर यांची आख्यायिका या वादात कोणी आणत नाही, मी आणतो. भाकरी भाजताना कोणती दक्षता घ्यावी असे शिष्यांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले म्हणे, कणीक मळणाऱ्या बाईवर ओरडू नका, ती विधवा आहे.

आता त्या बैठकीतल्या 'विटाळ' या शब्दाकडे. आमच्या कितीतरी बायका ज्या घरी भांडी घासतात, त्याच घरी त्यांना चहा वेगळ्या कपात मिळतो. तेथे विटाळ माणसाचा असतो, आणि त्याला कोणतेच उकळते पाणी पुरत नाही. ओट्याला पाव लागला होता, बाई नव्हे, हा फरक त्या दिवशी सगळ्यांना चटकन कळला. अर्थात मी वकिली करीत नाही. ज्यू आचारातही परक्याच्या हातच्या स्वयंपाकाचे आणि द्राक्षारसाचे निर्बंध आहेत, आणि ते कडक आहेत. पण वल्हांडणाच्या ओट्यापुरते पाहिले, तर दोष पदार्थाचा आहे, तो कोठून आला आणि कोणत्या उष्णतेने जाईल हे सांगता येते, आणि तो गेला की गेला. त्या बाईंना मी विचारले, ते पाणी ओतताना तुम्हाला बाहेर उभे करतात का? त्या म्हणाल्या, "छे! किटली जड असते. एक हात माझाच असतो."

बैठकीच्या शेवटी ठराव लिहिला: सणाआधीची सफाई रोजच्या कामात धरू नये, तिचे पैसे वेगळे मिळावेत. दिवाळी, ईद, नाताळ अशी नावे मी घातली होती. त्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, वल्हांडण राहिले. आमच्या सभासद बायकांच्या यादीत अशी घरे किती, ते मोजले. तीन निघाली. नाव घातले.