पाठीकडून गोल: तेरच्या विटांच्या देवळाची कुळकथा

चाकणच्या चौकातून एक रस्ता पश्चिमेला तळेगावकडे फुटतो आणि पुढे कार्ले-भाजे गाठतो. दुसरा, पुणे-नाशिक हमरस्ता, राजगुरुनगर, नारायणगाव करत जुन्नरच्या वाटेला लावतो. आज या रस्त्यांवर सुट्या भागांचे कंटेनर धावतात, पण दोन्हींच्या टोकांशी दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांच्या कुळातले एक विटांचे देऊळ मात्र पार धाराशिव जिल्ह्यात, तेरणाकाठच्या तेर गावात उभे आहे. ते त्रिविक्रमाचे देऊळ.

देऊळ समोरून सरळ, दोन्ही बाजू समांतर आणि पाठ अर्धगोल. वर बैलगाडीच्या टपासारखे लांबट, फुगीर छप्पर. शिल्पशास्त्रात या आकाराला गजपृष्ठ म्हणतात. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरच्या काळातला. मूळ वास्तू मागची, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. आधी ते बौद्ध चैत्य होते की पहिल्यापासून विष्णूचे देऊळ, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे.

ज्याने जुने चर्च पाहिले आहे त्याला हा आराखडा ओळखीचा वाटेल. लांब दालन, टोकाला अर्धगोल, तिथे वेदी. रोमचे सांता सबीना हे 422 ते 432 दरम्यान बांधलेले विटांचे चर्चही असेच आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितले आहे, आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. त्यामुळे हा आकार जहाजातून आला असावा, असे वाटू शकते. पण भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले आहे, तेव्हा जगात एकही चर्च नव्हते. आपल्याकडे गोल पाठीचे कारण वेगळे आहे. चैत्यगृहातल्या स्तूपाला प्रदक्षिणा घालायची, तर मागची भिंत वळायलाच हवी.

या आकाराचे घर मुळात सुताराचे. भाज्याला आणि कार्ल्याला छताखाली लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या कितीतरी फासळ्या मूळच्या, पहिल्या शतकाच्या आसपासच्या आहेत. तिथल्या एका लेखात दरवाजाचे काम करणाऱ्याचे नावही आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. दगडाच्या दारावर सुताराचे नाव! या वास्तूचे सगळे कूळ मला त्या एका ओळीत सापडते. लाकडात बसलेला हात डोंगरात शिरला आणि जाताना आपला आकार सोबत घेऊन गेला.

पण कातळात छप्पर उभे करावे लागत नाही. डोंगर आधीच उभा असतो. नको तेवढा कोरून काढायचा. कार्ल्याच्या फासळ्या कशाचाही भार पेलत नाहीत. तेरच्या गवंड्यापुढे खरा प्रश्न होता. त्याच्या वळणाला पाठीशी घालणारा डोंगर नव्हता. भट्टीतून निघालेल्या विटांनी ते छप्पर स्वतःच्या बळावर तोलायचे होते. कळीच्या दगडाने घट्ट होणारी कमान त्याने केली नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत, दोन्ही बाजूंनी वर चढत, शेवटी त्याने माथा मिटवला. थर जरा जास्त पुढे आला की तोल गेला. अशा कामात वीट जितकी हलकी तितके बरे. तेरच्या जुन्या विटांत पाण्यावर तरंगणाऱ्या विटा मिळाल्या आहेत. मातीत भाताचे तूस कालवायचे. भट्टीत ते जळते आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात. माती मळणाऱ्याचे हे ज्ञान मला कोणत्याही कोरीव खांबाइतके मोलाचे वाटते. संत गोरा कुंभारांचे गाव हेच, हेही इथे आठवावे.

गावात विटांचे आणखी एक जुने देऊळ आहे, उत्तरेश्वराचे. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा आता तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणजे सुतार आणि गवंडी तोवर एकाच दारात काम करत होते.

तेर म्हणजेच तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडले. लगेच हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात या देवळांचे वर्णन केले. गजपृष्ठाची अशी जुनी विटांची देवळे देशात फारच थोडी उरली आहेत. आंध्रातले चेजर्ल्याचे कपोतेश्वर हे त्यांतले दुसरे नाव. पडक्या देवळाच्या विटा लोक घराला नेतात. दगडापेक्षा त्या उचलायला सोप्या. तेरचे त्रिविक्रम तगले ते, माझ्या मते, पूजा चालू राहिली म्हणून. देव आत असला की कोणी विटा काढत नाही, उलट गिलावा करतो.

तो गिलावा मात्र चुन्याचाच हवा. सच्छिद्र वीट पाणी पिते आणि ते वाळवून बाहेरही टाकते. चुना तिला हे करू देतो. सिमेंट ओल आत कोंडते, मग क्षार साचतात आणि विटेचा भुगा होतो. जिथे जिथे जुन्या विटांचे काम उभे आहे, तिथल्या विश्वस्तांनी, ग्रामपंचायतीने आणि गवंड्याने दुरुस्तीला हात घालण्याआधी सिमेंटची पोती परत पाठवावीत.