काळा करकोचा स्वतःचंच पिल्लू घरट्याबाहेर का टाकतो?

काळ्या करकोच्याच्या घरट्यावरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. एस्टोनिया, लाटव्हियातल्या जंगलांतून ते थेट दिसतात. हा पक्षी विदर्भात, यवतमाळच्या बाजूलाही, हिवाळी पाहुणा म्हणून येतो. पण इथे घरटं बांधत नाही. त्यामुळे पिल्लं पाहायची तर स्क्रीनवरच.

नर-मादी दोघंही भरवतात, पण चोचीत घास देत नाहीत. गिळून आणलेले मासे, बेडूक घरट्यात ओकतात आणि पिल्लं ते उचलून खातात. जो आधी झडप घालेल त्याचं पोट भरतं. इथेच खरी गोम आहे. अंडी एकेक दिवसाआड घातली जातात आणि सगळी घालून होण्याआधीच उबवणं सुरू होतं. साहजिकच शेवटचं पिल्लू सगळ्यात लहान राहतं. अन्न अपुरं पडलं की ते मागे पडतं, आणि कधीकधी पालकच त्याला उचलून बाहेर टाकतात. 'क्रूर आई' ही कॅप्शन म्हणूनच चुकीची. चौघांना अर्धपोटी ठेवलं तर एकही जगणार नाही, अशी वेळ असते. (आणि टाकणारा बापही असू शकतो!)

उरलेली पिल्लं साधारण 60 ते 70 दिवसांत उडतात. आपल्याकडे येतात ते सायबेरिया-मंगोलियाकडचे. युरोपातले बहुतेक आफ्रिकेत जातात. हिवाळ्यात तलावाकाठी दिसलाच, तर लांबूनच चोच आणि पाय पाहा. लालभडक असतील तर तो प्रौढ. हिरवट-राखाडी असतील तर त्याच वर्षीचं पिल्लू.