गाडी २०२१ची, रस्ता १८३०चा

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो त्यांच्यासाठी हा लेखी भाग. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचणार असाल तर दादर ते ठाणे एवढा वेळ पुरेल.

आज विषय बाईकचा आहे, पण रिव्ह्यू नाही. इतिहासच आहे. दोन टाइमलाइन आहेत. एक आपल्या मोटरसायकलींची, दुसरी आपल्या रस्त्यांची. दोन्ही साधारण २००१-०२च्या आसपास जोरात पळायला लागल्या, पण एकमेकींना भेटल्याच नाहीत. असं का झालं, ते बघू.

आधी माझी ओळख. मी लालबागचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, पाटण तालुक्यातून, सातारा जिल्ह्यातून, मिलमध्ये लागायला आले. मी लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत कोड लिहितो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. आबा गावी परतले. वडील चाळीतच राहिले. त्यामुळे आमच्या घरात ‘लालबाग ते गाव’ हा रस्ता म्हणजे घराचाच एक भाग आहे. एक खोली इकडे, एक तिकडे, आणि मध्ये तीनशेच्या आसपास किलोमीटरचा पॅसेज.

स्पोर्ट-टूरर म्हणजे काय रे भाऊ?

स्पोर्ट्स बाईकवर तुम्ही टाकीवर झोपता, तासाभरात मनगटं बोंबलतात. क्रूझरवर पाय पुढे टाकून आरामात बसता, पण घाटात वळताना गाडी जड वाटते. या दोघींच्या मधली जी असते ती स्पोर्ट-टूरर. इंजिन जोरकस, वळणात चपळ, पण दिवसभर बसता येतं, समोर वारा अडवायला काच किंवा फेअरिंग, मागे सामान. जगात या प्रकाराचा पाया घालणाऱ्या गाड्यांमध्ये बीएमडब्ल्यूची १९७६ची आर-१००-आरएस धरतात. तिचं फेअरिंग विंड टनेलमध्ये तपासून बनवलं होतं.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? बुलेट होती. जावा-येझदी होत्या. जावा म्हैसूरला १९६१पासून बनायला लागली आणि त्या कारखान्यामागे मुंबईत जावा आयात करणारे इराणी होते, हे फार जणांना माहीत नसतं. पुण्यात १९७२ला लूना आली. १९८५ला आरएक्स-१०० आली आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांमध्ये सायलेन्सर कापायची परंपरा सुरू झाली. आमच्या चाळीतले काका आजही तिचा आवाज तोंडाने काढून दाखवतात. पण लांब जायचं तर लोक एसटीच पकडायचे, परळ डेपोतून.

मग नोव्हेंबर २००१ला बजाजची पल्सर आली, १५० आणि १८०. मध्यमवर्गीय मराठी पोराला पहिल्यांदा वाटलं की गाडी फक्त ॲव्हरेज देण्यासाठी नसते. २००३ला हीरो होंडाची करिझ्मा आली. २२३ सीसी, पुढे अर्धं फेअरिंग, बसायची पोझिशन सरळ. शब्द कुणी वापरत नव्हतं, पण आपल्या बजेटमधली ती पहिली स्पोर्ट-टूररच होती. २००७ला पल्सर २२० आली. फ्युएल इंजेक्शन, मागेही डिस्क ब्रेक. डिसेंबर २०१६ला डॉमिनार ४००. ३७३ सीसी, केटीएमच्या इंजिनावर बेतलेलं, चाकणला बनणारी. २०२१च्या शेवटी कंपनीने तिला उंच काच, हॅण्डगार्ड, कॅरिअर हे सगळं कारखान्यातूनच लावून द्यायला सुरुवात केली. मी घेतली ती हीच.

म्हणजे वीस वर्षांत आपण कुठून कुठे आलो बघा. १०० सीसीवर घाटात पहिला गिअर टाकून कण्हत चढणारे आपण, दिवसभर शंभरच्या वेगाने न थकता जाणारी गाडी हप्त्यांवर घेऊ शकायला लागलो.

आता रस्त्यांची टाइमलाइन

२००२ : मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू. दुचाकींना बंदी.
२००९ : वांद्रे-वरळी सी लिंक. दुचाकींना बंदी.
२०१० : जेजे उड्डाणपूल. २००२ला उघडला तेव्हा दुचाकी जात होत्या, २०१०पासून बंदी.
२०१३ : ईस्टर्न फ्रीवे. बंदी.
२०२४, जानेवारी : अटल सेतू. बंदी.
२०२४, मार्च : कोस्टल रोड. बंदी.

अटल सेतूचं मला जास्त लागतं, कारण तो शिवडीला सुरू होतो. आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर. २१.८ किलोमीटर, खाडी ओलांडली की थेट उरण-पनवेलची बाजू. माझा ऑफिसमधला मित्र कारने चढतो आणि चहा थंड व्हायच्या आत पलीकडे असतो. मी मात्र लालबागहून दादर टीटी, सायन, चेंबूर, मानखुर्द, मग वाशीचा खाडीपूल, मग पनवेल. वाशीचा पहिला पूल १९७३चा. त्याआधी पुण्याकडची गाडी ठाणे-मुंब्र्यावरून फिरून जायची.

पनवेलनंतर एक्सप्रेसवे डावीकडे सोडून जुना हायवे धरायचा, खोपोली, आणि मग बोरघाट. हा घाटरस्ता गाड्यांसाठी खुला झाला १८३०ला, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. गाड्या म्हणजे बैलगाड्या हं! त्याच वर्षीचा म्हणून सांगितला जाणारा अमृतांजन पूल एप्रिल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. पण रस्त्याची मूळ रेघ तीच आहे. म्हणजे इंजेक्शन, एबीएस, स्लिपर क्लच असलेली माझी गाडी जाते ती बैलांचा दम बघून आखलेल्या चढावरून. त्यातली गंमत म्हणजे घाटमाथ्याजवळ जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे थोडं अंतर एकच होतात. तेवढे काही मिनिटं मी आणि ती सगळी कारवाली मंडळी समान नागरिक.

मॉडिफिकेशनचं भूत

आता जी गोष्ट सांगायला एपिसोड केला, ती.

गाडी घेतल्यावर मीही ते सगळं केलं जे सगळे करतात. हॅण्डलबार थोडा उंच केला, सॅडल बॅग लावल्या. सायलेन्सर बदलला, आणि दंड भरून मुकाट्याने जुना परत लावला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात परस्पर बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ला ते पुन्हा ठणकावलं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोड रोलर फिरवतात ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पाहून हसलोय आपण, पण आमच्या खालच्या मजल्यावर एक बाळ आहे, ते त्या आवाजाने दचकून उठायचं. दंडापेक्षा ते जास्त लागलं.

शेवटचं मॉडिफिकेशन फॉग लाईटचं. बी.टेक. झालोय ना, गॅरेजला कशाला पैसे द्यायचे? यूट्यूब बघून रविवारी चाळीच्या पॅसेजमध्ये वायरिंग केलं. बॅटरीवरून वेगळी लाईन, रिले आणि स्वतंत्र फ्यूज टाकायला हवा होता. मी हेडलाईटच्याच लाईनला टॅप मारला. चालत होतं मस्त.

जुलै २०२३. रात्री साडेअकराला गावाहून फोन. आबांना ॲडमिट केलंय. वडील म्हणाले, सकाळच्या एसटीने जाऊ. मी म्हटलं, मी निघतो. रेनकोट चढवला, सुटलो. पनवेलला एक्सप्रेसवेचा फाटा आला तेव्हा खरं सांगतो, हात शिवशिवले. रात्रीची वेळ, कोण बघतंय? पण जुन्या रस्त्यालाच राहिलो.

खोपोली सोडली, घाट सुरू झाला, पाऊस असा की काचेपलीकडे नुसतं पाणी. फॉग लाईट चालू केले. दोन वळणं गेली आणि फट्. फ्यूज उडाला. फॉग लाईटसोबत हेडलाईटही गेला. मागे कंटेनर, पुढे काळोख. मी पुढच्या ट्रकचे लाल दिवे बघत, पाय टेकवत कशीबशी शिंग्रोबाच्या देवळापर्यंत गाडी आणली.

शिंग्रोबा माहीत आहे ना? दंतकथा अशी की इंग्रजांच्या इंजिनिअरांना घाटातून वाट सापडत नव्हती, ती या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. त्यांनी गोळी घातली. आजही ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. मी उजाडेपर्यंत तिथे बसलो, ओल्या बुटांत. सीटखाली जादा फ्यूज होता हे आठवलं तेही पहाटे.

तिथे बसून मी एक हिशेब केला. अख्खी रात्र मनात चिडत होतो की एक्सप्रेसवे मिळाला असता तर आत्तापर्यंत पुणं मागे टाकलं असतं. पण तोच फ्यूज एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात उडाला असता तर? मागचा कंटेनर ताशी वीसने येत नसता. बंदी घालणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो बाईकवाला असतो, तो त्या रात्री मीच होतो. जेजे पुलावरही बंदी उगाच आली नव्हती. रात्रीच्या रेसिंगमध्ये आणि त्या वळणांवर पोरं गेली होती.

मग बंदी बरोबरच का?

माझं मत अजूनही ‘नाही’ असंच आहे, फक्त आता ते रागातून येत नाही. जर्मनीत ऑटोबानवर मोटरसायकल चालते, अट एवढीच की गाडीचा कमाल वेग ६०च्या वर हवा. जपानमध्ये १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एक्सप्रेसवे खुला आहे. तिथे डबल सीट जायला २००५पर्यंत मनाई होती. मग ती उठवली, पण चालवणारा किमान २० वर्षांचा आणि तीन वर्षांच्या लायसन्सचा हवा. म्हणजे त्यांनी गाडी बघितली, लायसन्स बघितलं आणि मग दार किती उघडायचं ते ठरवलं. आपण चाकं मोजली आणि दार बंद केलं. लूना आणि डॉमिनार आपल्या नियमाला सारख्याच.

आणि दार बंद केलं म्हणून धोका संपला का? तो बोरघाटातल्या कंटेनरांमध्ये, सायनच्या खड्ड्यांमध्ये, जेजे पुलाखालच्या गर्दीत येऊन उभा राहिला. तिथे मेलेल्या बाईकवाल्याची नोंद एक्सप्रेसवेच्या खात्यात पडत नाही, एवढंच.

आपल्याकडूनही काहीतरी लागेल. वायरिंगला रिले, मूळ सायलेन्सर, चांगले टायर, अंगात जॅकेट. दार उघडा म्हणायचं तर आत येण्याच्या लायकीची गाडी घेऊन उभं राहायला हवं. मी त्या ट्रिपनंतर सगळं वायरिंग उपटलं आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून नव्याने करून घेतलं.

सकाळी उशिरा हॉस्पिटलला पोचलो. आबा शुद्धीत होते. माझा अवतार बघून म्हणाले, “कुठनं आलास रं?”

“जुन्या रस्त्यानं, आबा. खोपोलीवरनं.”

“शिंग्रोबाला पैसं टाकलंस का?”

म्हटलं, “रात्रभर तिथंच होतो.”

हसले. म्हणाले, “आमची यष्टी बी तिथंच बंद पडायची.”

तर मंडळी, तुमच्या घरचा गावाकडचा रस्ता कुठला, आणि आजोबा त्यावरून कशाने जायचे, हे एकदा घरी विचारा. आणि पावसात निघणार असाल तर जादा फ्यूज कुठे ठेवलाय ते आधी बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.